पंप म्हणजे चोचले? मग रात्री तीनला आमच्या घरी या

डिचोलीची आई: काल इथे लिहिलं गेलं, "टाइप वन मधुमेहाच्या मुलांना इन्सुलिन पंप म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले. शंभर वर्षं सुईनं भागलं." १९२२ मध्ये पहिल्या मुलाला इन्सुलिन टोचलं, खरं आहे. माझी लेक ९ वर्षांची. सुईवर होती तेव्हा रोज रात्री तीनला उठून तिचं बोट टोचायचे. एकदा रक्तातली साखर ४८, फारच उतरलेली. उशी घामानं चिंब, हाक मारली तर नुसतं हूं. आता साखर उतरायला लागली की अंगावरच्या सेन्सरला आधीच कळतं आणि बारीक नळीतून सतत इन्सुलिन देणारा पंप आपणहून ते थांबवतो. हे चोचले?

पेडण्याचा मामा: मीच लिहिलं, मागे घेणार नाही. चवथीला भाचा आरतीत घुमट वाजवत होता. घामानं पट्टी सुटली, पोटातली बारीक नळी बाहेर. घरभर नेवऱ्यांची गडबड, कुणाला पत्ता नाही. पंपात फक्त झटपट उतरणारं इन्सुलिन, अंगात दुसरं काही शिल्लक नाही. काही तासांत ओकाऱ्या, रक्तात कीटोन (इन्सुलिन संपलं की साठणारं आम्ल), मध्यरात्री बांबोळीचं मोठं इस्पितळ गाठलं. वर दोन-तीन दिवसांनी नवी नळी. बहिणीनं पाटल्या मोडल्या.

सत्तरीकर: पंप राहू दे, आधी वीज द्या! पावसात झाड पडलं की आमच्याकडे दोन-दोन दिवस काळोख. इन्सुलिनच्या नव्या कुप्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या कुठे?

फोंड्याची नर्स: एकात एक दोन मडकी, मध्ये ओली वाळू. पाणी सुकताना आतलं मडकं गार होतं.

सत्तरीकर: जुलैत? हवाच भिजलेली, पाणी सुकणार कसं? मडकं घाटावर गार होतं. इथे राहून सांगा!

फोंड्याची नर्स: फोंड्यातही पाऊसच पडतो. बरं, जुलैचं मान्य. पण चालू कुपी साधारण महिनाभर फ्रिजबाहेर चालते, उकाड्यात तापू देऊ नका. आणि बर्फाला चिकटवून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. अशी वाया गेलेली कुपी घेऊन रडणारी म्हातारी मी पाहिलीय.

डिचोलीची आई: मामा, नळी आमचीही सुटते. साखर चढली आणि डोस देऊनही उतरली नाही, तर इन्सुलिनच्या पेननं, म्हणजे पेनासारख्या सुईनं, टोचायचं आणि नळी बदलायची. तुमच्याकडे हे कुणी शिकवलं?

पेडण्याचा मामा: नाही. पंप हातात दिला आणि पाठवलं. तेवढं कबूल. पाटल्यांचं काय?

डिचोलीची आई: पंप सरकारनं द्यावा म्हणून तर भांडतेय! तुम्ही चोचले म्हणालात की मागायचं तोंडच उरत नाही.

पेडण्याचा मामा: तो शब्द चुकला. पंप कपाटात पडलाय. पेनचं सगळं नीट लिहून पाठवा, बहिणीला दाखवतो.