कौटुंबिक न्यायालयातील वकील फोन घेत नाहीत, तारखेला येत नाहीत : मदत हवी आहे

नमस्कार. हा प्रश्न मी माझ्या धाकट्या बहिणीसाठी आणि तिच्या संमतीने विचारत आहे. ओळख उघड होऊ नये म्हणून न्यायालयाचा आणि वकिलांचा उल्लेख टाळते, बाकी सर्व तपशील जसा आहे तसा देते.

बहिणीच्या नवऱ्याने हिंदू विवाह कायद्याखाली क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोटाची याचिका दाखल केली आहे. त्यांची मुलगी प्राथमिक शाळेत आहे आणि ती बहिणीकडेच राहते. समन्स मिळाल्यावर नात्यातल्या एका गृहस्थांनी सुचवलेल्या वकिलांना बहिणीने वकीलपत्र दिले. ठरलेल्या फीपैकी बहुतेक रक्कम त्यांनी सुरुवातीलाच घेतली. त्यातली काही बँकेतून गेल्यामुळे तिची नोंद आहे, रोख दिलेल्या रकमेची पावती मात्र मागूनही मिळालेली नाही. त्यांच्याकडून दोन कामे व्हायची होती : याचिकेला उत्तर म्हणून लेखी कैफियत दाखल करणे, आणि बहीण व मुलगी यांच्यासाठी कलम २४ खाली अंतरिम पोटगीचा अर्ज करून त्यावर आदेश मिळवणे.

पहिल्या भेटीनंतर वकिलांनी फोन घेणे हळूहळू बंद केले. कार्यालयात गेल्यास साहेब कोर्टात असल्याचे कारकून सांगतात आणि कोर्टात गेल्यास ते दुसऱ्या कोर्टात असल्याचे कळते. तारखेच्या आदल्या दिवशी मात्र "उद्या तुम्ही येण्याची गरज नाही, पुढची तारीख घेतो" असा संदेश न चुकता येतो. वकिलांनीच नको म्हटल्यामुळे बहीण नोकरीवर जात राहिली. अलीकडे मी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तिच्या प्रकरणाचा सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकून पाहिला, आणि मग न्यायालयात जाऊन रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झाले याची नोंद, वाचला. पुकारा झाला तेव्हा आमच्या बाजूने कोणीच हजर नव्हते, अशी नोंद एकापेक्षा जास्त तारखांना आहे. लेखी कैफियतीविना दावा पुढे चालवावा, असा आदेशही झालेला आहे. पोटगीचा अर्ज दाखल आहे, पण त्यासोबत मालमत्ता आणि दायित्वांचे प्रतिज्ञापत्र जोडलेले नसल्यामुळे तो नुसता तारखांवर पडून आहे. येणारी तारीख नवऱ्याच्या पुराव्याच्या शपथपत्रासाठी नेमलेली आहे.

हे वाचल्यापासून बहिणीची झोप उडाली आहे. घटस्फोट होईल की नाही हा प्रश्न तिच्या दृष्टीने आता दुय्यम आहे. तिचे म्हणणे ऐकून न घेताच तिच्यावरचे आरोप खरे धरले जातील आणि त्याचा परिणाम मुलीच्या ताब्यावर होईल, ही भीती तिला सतावते आहे. ज्या माणसाकडे आपण आपले आयुष्य विश्वासाने सोपवतो, त्याने साधा "काम झालेले नाही" एवढा निरोपही देऊ नये, याचा मला अतोनात राग आहे. तरीही रागापोटी असे काही करायचे नाही ज्याने दाव्याचे नुकसान होईल, म्हणून जाणकारांना विचारते.

कैफियतीविना दावा चालवण्याचा आदेश मागे घेता येतो का, आणि त्यासाठी किती घाई करावी लागेल? जुने वकील नाहरकत (दुसरे वकील नेमण्यास हरकत नसल्याचे पत्र) देत नसतील आणि कागदपत्रेही परत करत नसतील, तर नवे वकील उभे राहू शकतात का? दोन वकिलांनी आम्हाला "आधी नाहरकत आणा, मग बोलू" असे सांगून परत पाठवले आहे. वकिलांविरुद्ध तक्रार आत्ता करावी की दावा मार्गी लागल्यावर? घरातील काही जणांना ते समोरच्या पक्षाला मिळाले आहेत असे वाटते. पत्रात तसे लिहावे का?

प्रतिसाद

ताई, मी बरीच वर्षे कौटुंबिक न्यायालयात वकिली करतो. परिस्थिती गंभीर असली तरी हाताबाहेर गेलेली नाही. अजून एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे तुमची बाजू न ऐकता दिलेला अंतिम निर्णय, झालेला नाही, ही यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि तो होऊ न देणे हेच सध्याचे काम आहे.

येणाऱ्या तारखेला बहिणीने स्वतः हजर राहावे, मग वकील येवोत वा न येवोत. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १३ प्रमाणे या न्यायालयात वकिलामार्फतच बाजू मांडली पाहिजे असे बंधन नाही. उलट वकील हा तिथे पक्षकाराचा हक्क म्हणून येत नाही. त्यामुळे पुकारा झाल्यावर तिने उभे राहून आपली अडचण न्यायाधीशांना सांगावी आणि आपली हजेरी रोजनाम्यात नोंदवली जाईल हे पाहावे. नुसते तोंडी सांगून थांबू नये, साध्या भाषेतला लेखी अर्ज सोबत न्यावा. वकिलांशी संपर्क होत नाही, त्यांनी येऊ नका असे कळवले होते, दुसरे वकील नेमण्यासाठी आणि कैफियत दाखल करण्यासाठी थोडी मुदत मिळावी, एवढे त्यात पुरे. वकिलांचे ते संदेश छापून अर्जाला जोडावेत.

आता कैफियतीविषयी. दिवाणी प्रक्रिया संहितेत कैफियतीसाठी तीस दिवस आणि कारणे नोंदवून जास्तीत जास्त नव्वद दिवस दिलेले आहेत. परंतु ही मुदत न्यायालयाचे हात पूर्णपणे बांधणारी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये कैलाश विरुद्ध नन्हकू या प्रकरणात स्पष्ट केले. कारण पटले तर आदेश मागे घेतला जातो, बहुधा समोरच्या पक्षाला काही खर्च देण्याच्या अटीवर. मात्र "परवानगी द्या, मग कैफियत तयार करतो" असे म्हणत गेल्यास न्यायालयाचा विश्वास बसत नाही. तयार, सही केलेली कैफियत अर्जासोबतच हातात असली पाहिजे. नवऱ्याची उलटतपासणी सुरू होण्यापूर्वी हे घडले तर फार फरक पडतो.

वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको, असे सर्वोच्च न्यायालयाच्या १९८१ च्या रफिक विरुद्ध मुन्शीलाल या निकालात म्हटलेले आहे आणि लोक त्यावर फार विसंबून राहतात. तसे राहू नये. सलिल दत्ता प्रकरणात १९९३ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की हा सरसकट नियम नाही. पक्षकार स्वतः किती जागरूक होता हेही पाहिले जाते. म्हणून बहिणीने केलेले फोन, पाठवलेले संदेश, मिळालेली उत्तरे हे सारे तारीखवार जपून ठेवा.

पोटगीच्या बाबतीत तुलनेने निश्चिंत राहा. रजनेश विरुद्ध नेहा या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालानुसार दोन्ही पक्षांनी मालमत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र देणे आवश्यक आहे, आणि पोटगी अर्ज दाखल झाल्याच्या तारखेपासून द्यायची आहे. अर्ज दाखल आहे, त्यामुळे मधला काळ वाया गेला असे समजू नका. प्रतिज्ञापत्र तयार करून दाखल करा आणि अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असे कलम २४ मध्येच आहे, याची नम्रपणे आठवण करून द्या.

नाहरकतीचा बाऊ करू नका. दुसऱ्या वकिलाचे वकीलपत्र असलेल्या प्रकरणात त्याच्या संमतीशिवाय उभे राहू नये असा बार कौन्सिलचा, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेचा, नियम आहे खरा. पण संमती मिळत नसेल तर कारण सांगून न्यायालयाची परवानगी घ्यावी, असे त्याच नियमात पुढे आहे. तुम्हाला परत पाठवणाऱ्यांनी नियमाचा अर्धाच भाग सांगितला. वकीलपत्र रद्द करण्याचा अर्ज बहीण स्वतःच्या सहीने देऊ शकते, न्यायालयाच्या अनुमतीने ते संपते. त्याआधी जुन्या वकिलांना एक पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि तेच ईमेलनेही पाठवा. प्रकरणाचा क्रमांक, गैरहजेरीच्या तारखा, कागदपत्रे आणि नाहरकत देण्याची विनंती, आणि त्यासाठी मोजक्या दिवसांची मुदत, एवढेच लिहा. समोरच्याला मिळाल्याचा आरोप पुरावा नसताना मुळीच करू नका. तो सिद्ध झाला नाही की तुमच्या बाकीच्या खऱ्या तक्रारीही हलक्या ठरतात. फी बाकी आहे म्हणून कागदपत्रे अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात निर्विवादपणे सांगितले आहे. पत्रात या निकालाचा एका ओळीत उल्लेख केल्यास बहुतेक वेळा कागद मिळतात.

प्रतिसाद

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. मी स्वतः अशा प्रसंगातून गेले आहे, म्हणून दोन गोष्टींची भर घालते.

पैशांची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा लागू होत नाही. नोकरी करणाऱ्या स्त्रीला हे मिळत नाही असा अनेकांचा गैरसमज आहे. १५१०० या क्रमांकावर प्राथमिक माहिती मिळते. अर्थात मोफत मिळालेल्या वकिलांकडेही पाठपुरावा करावाच लागतो.

दुसरी गोष्ट तक्रारीची. वकिलांविरुद्ध ग्राहक आयोगात जाण्याचा मार्ग आता बंद आहे. वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. उरतो तो अधिवक्ता कायदा, १९६१ च्या कलम ३५ खाली राज्याच्या बार कौन्सिलकडे, आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे, लेखी तक्रार करण्याचा. शिस्तपालन समिती ताकीद देऊ शकते, सनद (वकिलीचा परवाना) काही काळ निलंबित करू शकते किंवा वकिलांच्या यादीतून नाव कमी करू शकते. मात्र ही समिती तुमच्या बहिणीचा दावा पूर्ववत करून देणार नाही, आणि प्रत्येक हलगर्जीपणा गैरवर्तन ठरतोच असे नाही. कायद्यात एका वर्षात निकाल अपेक्षित आहे, तरी माझ्या प्रकरणात त्याहून पुष्कळ वेळ लागला. म्हणून आधी कैफियत आणि पोटगी, कागदपत्रे ताब्यात आली की मग तक्रार. तक्रार करूच नका असे मात्र मी म्हणणार नाही. काम न करता फी ठेवून घेणे आणि पक्षकाराला तारखेला येऊ नको म्हणून सांगणे हे विसरून जाण्यासारखे नाही, आणि अशांच्या पुढच्या पक्षकारांचाही विचार कोणीतरी केला पाहिजे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. बहिणीला सर्व वाचून दाखवले. तारखेला तिच्यासोबत मी जाणार आहे, आणि पत्राचा मसुदाही तयार केला आहे. एक शंका राहिली. विवाह नोंदणीचा दाखला, मुलीचा जन्मदाखला आणि काही वैद्यकीय कागद मूळ स्वरूपात वकिलांकडेच आहेत. ते मिळाले नाहीत तर कैफियत अडेल का?

प्रतिसाद

अडणार नाही. कैफियत लिहिण्यासाठी लागते ती याचिका आणि तिच्यासोबतची कागदपत्रे. त्यांच्या प्रमाणित प्रतींसाठी न्यायालयाच्या नक्कल विभागात आजच अर्ज करा, बहीण पक्षकार असल्यामुळे तिला त्या मिळतात. दोन्ही दाखले संबंधित निबंधकांकडून पुन्हा काढता येतात आणि ती प्रत पुराव्यात चालते. वैद्यकीय कागदांसाठी रुग्णालयाच्या अभिलेख विभागात लेखी मागणी करा. मूळ कागद वकिलांकडे आहेत ही बाब पत्रात प्रत्येक कागदाच्या नावासह लिहा, आणि पुढे कोणत्याही वकिलांना मूळ कागद दिल्यास त्यांच्या यादीवर पोहोच घ्या.