शिष्यवृत्तीवर शिकलेल्यांनी मदत कशी करावी?

प्रश्न : आम्ही काही जण शिष्यवृत्तीवर नाशिकमध्ये शिकलो आणि आता स्थिरावलो आहोत. सुरगाणा, पेठ येथून शहरात येणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी निधी उभारण्याची मनापासून इच्छा आहे. सुरुवात कशी करावी?

उत्तर १ : शुल्कापेक्षा खोलीभाडे, खानावळ आणि बसपास यांकडे आधी पाहावे, कारण महाडीबीटीची (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरील) रक्कम मंजूर झाली तरी ती खात्यात येईपर्यंत अनेकदा सत्र सरलेले असते आणि मुले नेमकी त्याच काळात शिक्षण सोडतात. शक्य असल्यास थेट मेसचालकालाच आगाऊ पैसे द्यावेत.

उत्तर २ : सहमत आहे. मात्र वेगळा न्यास स्थापण्याची घाई करू नये; हिशेबतपासणीचा व्याप मोठा असतो. महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी संघामार्फत देणगी धनादेशाने द्यावी, कारण २००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर करसवलत मिळत नाही.

उत्तर ३ : बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. आपली ऐपत लहान असली तरी अर्ज भरण्यास, जातवैधतेची कागदपत्रे जुळवण्यास रविवारी दोन तास देणे कोणालाही जमेल. मी येण्यास तयार आहे.