२४ टक्क्यांचा प्रयोग होऊन गेलाय
एअर इंडिया टाटांना विकली त्यावर 'सरकारने निदान पाव हिस्सा तरी स्वतःकडे ठेवायचा होता' असं म्हटलं जातं. ऐकायला ठीक, पण तो प्रयोग होऊन गेलाय. २०१८ मध्ये एअर इंडियाचा ७६ टक्के हिस्सा विक्रीला काढला होता, उरलेला २४ टक्के सरकारकडेच राहणार होता. मुदत संपली तरी एकही बोली आली नाही. कंपनीवरचं एवढं कर्ज डोक्यावर घ्यायचं आणि वर सरकार भागीदार म्हणून घरात, कोण येणार? पुढे सगळाच हिस्सा विकायचं ठरलं, तेव्हा २०२१ मध्ये टाटांची १८,००० कोटींची बोली मान्य झाली. त्यातले रोख २,७०० कोटी, बाकी म्हणजे टाटांनी डोक्यावर घेतलेलं कंपनीचं कर्ज.

आणि 'एअर इंडियाची मुंबईतली नरिमन पॉइंटची इमारतही टाटांना आंदण दिली' असं कोणी म्हणत असेल, तर ते साफ चूक. ती या व्यवहारात नव्हतीच; नंतर महाराष्ट्र सरकारने १,६०१ कोटींना घेतली.