मदत हवी आहे: 'सुअर सोशालिस्ट' म्हणजे नक्की काय?

भाषांतरी: समाजवादी चळवळीच्या इतिहासावरचा लेख मराठीत आणतेय. त्यात 'सुअर सोशालिस्ट' आलंय. माझ्या कोशात नाही. शिवी आहे का? उद्या सकाळी द्यायचाय, लवकर सांगा.

चहाटळ: डुक्कर समाजवादी. द्या ठोकून.

कोपऱ्यातला: स्पेलिंग? आख्खं वाक्य? देश, साल?

भाषांतरी: एस-ई-डब्ल्यू-ई-आर. वाक्यात काही नाही हो, 'त्यांना असं म्हणत' एवढंच.

सुईदोरा: मग शिवणारे! न्यूयॉर्कच्या कपड्यांच्या कारखान्यांतले कितीतरी कामगार समाजवादी होते. 'शिंपी समाजवादी' लिहा.

कोपऱ्यातला: शिंप्याला टेलर म्हणतात. ताई, शहर कुठलं?

भाषांतरी: अमेरिकेतलं मिलवॉकी. लेखाच्या शीर्षकातच आहे, म्हणून इथे लिहिलं नाही.

कोपऱ्यातला: धन्य! सुअर म्हणजे सांडपाण्याचं गटार. मिलवॉकीत १९१० साली एमिल सायडेल महापौर झाले, मग डॅनियल होन १९१६ ते १९४० सलग, पुढे फ्रँक झायडलर १९४८ ते १९६०. तिघेही समाजवादी. क्रांतीच्या भाषणांपेक्षा नळ, गटारं, बागा, सार्वजनिक आरोग्य यांवर जोर. १९३२ च्या समाजवादी पक्षाच्या अधिवेशनात त्याच पक्षाचे न्यूयॉर्कचे नेते मॉरिस हिलक्विट यांनी त्यावरूनच टोमणा मारला आणि नाव चिकटलं. म्हणजे घरच्यांनीच दिलेलं नाव आहे, विरोधकांनी नव्हे. भाषांतरात ते सांभाळा.

जुनाजाणता: इंग्लंडात यालाच 'गॅस अँड वॉटर सोशालिझम' म्हणत. बर्मिंगहॅमला जोसेफ चेंबरलेननं महापौर असताना गॅस आणि पाणी पालिकेच्या ताब्यात घेतलं.

कोपऱ्यातला: तो लिबरल पक्षाचा. समाजवादी कधी झाला?

जुनाजाणता: झाला असं मी म्हटलंय कुठे? नीट वाचत जा. फेबियन मंडळींनी, म्हणजे हळूहळू सुधारणा करत समाजवाद आणू पाहणाऱ्या इंग्लंडातल्या गटानं, पुढे हाच मार्ग धरला, एवढाच मुद्दा.

चहाटळ: 'गटारी समाजवादी'! अधिवेशन आषाढ अमावस्येला.

भाषांतरी: तीच तर भीती. 'गटारी' वाचलं की लोकांना कोंबडी आणि बाटली दिसणार.

कोपऱ्यातला: 'गटारवाले समाजवादी' करा. टोमणा राहतो, काम कळतं. पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ खुलासा टाका.

सुईदोरा: आमच्या गल्लीतलं गटार दोन महिने तुंबलंय. असा एखादा महापौर इकडे पाठवा. शिंप्याचं मात्र मला अजूनही पटतं.

भाषांतरी: 'गटारवाले' घेतलं, आभार. आता पुढच्या पानावर 'पिंको' आलाय. हा रंग आहे की माणूस?

कोपऱ्यातला: आख्खं वाक्य द्या.