नऊ वर्षांच्या मुलीला औषधाच्या चाचणीत सहभागी करावे का? अनुभवी पालकांचा सल्ला हवा आहे

नमस्कार. माझी मुलगी ९ वर्षांची असून गेली साडेचार वर्षे तिला नेफ्रोटिक सिंड्रोम आहे. मूत्रपिंडातून प्रथिने लघवीवाटे निघून जातात आणि सकाळी उठते तेव्हा तिच्या पापण्या सुजलेल्या असतात. स्टिरॉइडने आजार आटोक्यात येतो, पण मात्रा कमी करत आणली की पुन्हा उलटतो. गेल्या वर्षभरात असे चार वेळा झाले. रोज सकाळची लघवीची पट्टी ती आता स्वतःच डबीवरच्या रंगांशी जुळवून पाहते आणि वहीत नोंद करते. पट्टी पिवळी राहिली तर ‘निल’, गडद हिरवी झाली तर ‘तीन प्लस’, आणि लागोपाठ तीन दिवस तीन प्लस आले की डॉक्टरांना फोन करायचा, हे तिला पाठ आहे.

आम्ही जिथे दाखवतो तिथल्या डॉक्टरांनी गेल्या महिन्यात एका चाचणीबद्दल सांगितले. निम्म्या मुलांना नवे औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी मिळेल. कोणाला काय मिळाले हे चाचणी संपेपर्यंत आम्हालाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही. आजार उलटला तर दोन्ही गटांतील मुलांना नेहमीचे स्टिरॉइड दिले जाईल. वर्षभर दर महिन्याला रक्त तपासावे लागेल.

माझा अशा संशोधनाला विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करते. मोठ्या माणसांना चालणारे औषध केवळ वजनाच्या हिशेबाने मुलांना देणे किती घातक ठरू शकते, हे १९५० च्या दशकात क्लोरॅम्फेनिकॉलने दाखवून दिले. नवजात बाळांच्या यकृताला ते औषध पचवता येत नव्हते आणि त्यात अनेक बाळे दगावली. कोणाच्या तरी मुलांवर काळजीपूर्वक तपासले गेले म्हणूनच आज माझ्या मुलीच्या स्टिरॉइडची मात्रा ठरलेली आहे, याची मला जाणीव आहे.

अडचण वेगळीच आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची लेखी संमती तर लागतेच, शिवाय सात वर्षांवरील मुलाला त्याला समजेल अशा भाषेत सर्व सांगून त्याचाही होकार घ्यावा लागतो. त्याप्रमाणे तेथील समन्वयक ताईंनी मुलीला चित्रे दाखवून शांतपणे समजावले आणि विचारले, “चालेल ना तुला?” मुलीने आधी माझ्याकडे पाहिले, मग डॉक्टरांच्या खुर्चीकडे, आणि मान हलवली. कागदावर तो होकार म्हणून नोंदवला गेला. रात्री वेणी सोडताना मात्र तिने विचारले, “आई, मी नाही म्हटलं तर डॉक्टरकाका मला तपासायचे बंद करतील का?” मी लगेच “नाही गं” म्हटले, आणि माहितीपत्रातही नकार दिल्यास उपचारांवर परिणाम होणार नाही असे स्पष्ट लिहिले आहे, परंतु तिची ती मान भीतीने हलली होती की खरोखर समजून, हे तेव्हापासून मला ठरवता येत नाही.

सासरे अगदी ठाम विरोधात आहेत. तेव्हाच्या आंध्रातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे २००९-१० साली १० ते १४ वर्षांच्या मुलींना एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी) लस देण्याचा जो प्रकल्प झाला, त्याच्या बातम्या त्यांना आठवतात. तिथे काही मुलींचे मृत्यू झाले; चौकशीत त्यांचा लशीशी संबंध आढळला नाही. मात्र खम्मममध्ये आश्रमशाळांतील अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या, आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. आमच्या बाबतीत तसे काहीच नाही. सही माझी आहे, मला वेळ दिला आहे, चाचणी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री’मध्ये नोंदलेली मी स्वतः पाहिली आणि नैतिकता समितीच्या सचिवांचा दूरध्वनी क्रमांकही पत्रात दिलेला आहे. तरीही संमती नेमकी कोणाची, हा सासऱ्यांचा प्रश्न मला टाळता येत नाही.

ज्यांची मुले अशा चाचणीत होती त्यांना विचारायचे आहे की, मुलाचे खरे मत तुम्ही कसे जाणून घेतले? डॉक्टर समोर नसताना दुसऱ्या कोणी तिच्याशी बोलावे, अशी विनंती करता येते का, की त्यांना तो अविश्वास वाटेल? मध्येच तिने नको म्हटले तर बाहेर पडता येते हे मला माहीत आहे, पण प्रत्यक्षात ते किती सहज होते? चाचणीमुळे काही इजा झाल्यास उपचार आणि भरपाई देण्याची तरतूद औषध चाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांत आहे; त्या तरतुदीचा अनुभव कोणाला आला असल्यास तोही सांगावा. आणि औषध लागू पडले, तर चाचणी संपल्यावर ते पुढे मिळत राहिले का? माहितीपत्रात याविषयी एकच मोघम वाक्य आहे.

पुढच्या गुरुवारी आम्हाला रुग्णालयात जायचे आहे. तोवर ‘नको’ म्हटले तरी चालते, हे तिला पटेल अशा शब्दांत कसे सांगू, एवढे कोणी सुचवले तरी मोठी मदत होईल.