मदत हवी आहे: बिअर किती थंड असताना गुण द्यावेत?
राजेहो, मी आणि माझा कॉलेजपासूनचा दोस्त महिन्यातून एकदा नागपुरात धरमपेठेत त्याच्या गच्चीवर क्राफ्ट बिअर चाखतो अन् वहीत गुण लिहितो. पद्धत बीजेसीपीची (बिअर परीक्षकांची अमेरिकन संस्था), 50 गुणांची: वासाला 12, चवीला 20, बाकीचे रंगरूप वगैरेला. घोळ वासात होतो. फ्रीजमधून काढलेल्या हेफेवाइत्सनला, म्हणजे जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला, आधी वासच नसतो. यीस्टमुळे येणारा केळं-लवंगेचा तो वास थंडीत दबतो, दहा मिनिटांनी असा दरवळतो की मी 10 देतो. दोस्ताने तोवर ग्लास संपवून 6 लिहिलेले असतात! आपल्याकडच्या 44 अंशांच्या उन्हाळ्यात बाटली किती वेळ बाहेर ठेवावी? आणि आयपीएसारख्या कडू बिअरनंतर तोंड कशाने साफ करता, पाण्याने की साध्या पावाने? अनुभव असेल त्यांनी नक्की सांगा.