मदत हवी आहे: फिलिपिन्समधल्या बटाडच्या भातखाचरांचा ट्रेक, सोबत साठीची आई

पारसिकवाला: मेमध्ये ठाण्याहून चौघे जातोय. आई मामा-भांजे डोंगर आरामात चढते. बनाऊची खाचरं करावीत की बटाडची? बांधांवरून चालणं तिला झेपेल का? शाकाहाराचं काय? गावकऱ्यांसाठी काय न्यावं?

येऊरकर: बटाडच. बनाऊच्या व्ह्यूपॉइंटवरून दिसणारी खाचरं जागतिक वारशात नाहीतच; १९९५ला नोंदलेल्या पाच समूहांत बटाड आणि बांगान आहेत. लावणी जानेवारी-फेब्रुवारीत, कापणी जून-जुलैत, म्हणजे मेमध्ये हिरवंगार. ('दोन हजार वर्षं जुनी' हे तिथे ठासून सांगतील. अलीकडच्या उत्खननात तिथली पाण्यातली भातशेती चारेकशे वर्षांचीच निघते.)

दमाची काळजी नको, बांधाची करा. बटाडचे बांध दगडी. वरची कड काही ठिकाणी जेमतेम पाऊल मावेल एवढी. एका हाताला चिखल, दुसऱ्या हाताला पुरुषभर, कुठे त्याहून खोल. अंगाचा भार कायम चिखलाकडे ठेवायचा. तोल गेलाच तर त्याच बाजूला पाय टाकायचा, भिजण्यापलीकडे काही होत नाही. सॅक छोटी, बाहेर बाटली-मॅट लटकवू नका, वळताना तीच ओढते. काठीच्या लोखंडी टोकाला रबरी टोपी हवीच, ओल्या दगडावर लोखंड सटकतं. चालता चालता फोटो नाही. समोरून भारा घेऊन कोणी आलं तर रुंद कोपऱ्यावर थांबून वाट द्या. तापिया धबधब्याच्या पायऱ्या उभ्या आहेत, पाऊस पडला असेल तर आईंना तिकडे नेऊ नका.

सराव येऊरच्या डोंगरावर नको, पावसाळ्यात मुरबाडकडे खाचरांच्या बांधावर करा. मेच्या आत जमणार नसेल तर घराजवळच्या फूटपाथच्या कडेच्या दगडांवरून चाला, तेवढंही चालेल.

बेलापूरच्या काकू: भाजीतही फिश सॉस किंवा बागोओंग (आंबवलेली मासळी किंवा कोळंबी) असतं, म्हणून नुसतं 'व्हेज' सांगून भागत नाही, दोन्ही नावं घेऊन नको म्हणा. भात-अंडी सहज मिळतात. मेतकूट न्या. रोख पेसो मनिलातच काढा, बटाडमध्ये एटीएम नाही.

मुलांना चॉकलेटं वाटू नका. त्यापेक्षा वाटाड्या गावातलाच घ्या, मुक्काम गावात करा, लाकडी कोरीवकाम विकत घ्या. म्हातारी माणसं मोमा देतील: सुपारी, पान, चुना. सवय नसेल तर हसून नको म्हणा, रागवत नाहीत. इथून पान-सुपारी मात्र नेऊ नका, क्वारंटाइनला अडकेल.

पारसिकवाला: बूट?

येऊरकर: जाड तळाचे अँकल बूट नकोत, कड पायाला कळत नाही. पातळ, खाचांच्या रबरी तळाचे घ्या. आणि मनिला-बनाऊ रात्रीची बस साधारण नऊ तासांची, एसी बर्फासारखा. आईंची शाल हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीत नको.